सोडायला येऊ का?

मराठीत गाडी ‘येते’. पोहणं येतं, मोडी येते, पुरणपोळी येते, तशीच गाडीही येते किंवा येत नाही. मला येत नाही. वय एकतीस, मुक्काम पुणे. पाकिटात आधार आहे, पॅन आहे, मतदार ओळखपत्र आहे, लायसन्स नाही.

‘गाडी येते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं की पुढे काय होणार हे मला आता पाठ आहे. समोरचा आधी सवलत देतो : ‘फोर व्हीलर म्हणतोयस ना? टू व्हीलर येत असेलच.’ तीही येत नाही म्हटल्यावर तो माझ्याकडे जरा नीट बघतो. मग विचारतो, ‘अरे, मग तू सगळं करतोस कसं?’ माझ्या लग्नाचा बायोडेटा करताना मावशीनं छंदांमध्ये ‘चालणे’ असं लिहायला लावलं होतं. तेवढंच झाकलं जाईल, असं तिचं म्हणणं.

गेल्या पावसाळ्यात ताई सोसायटीच्या गेटात स्कूटर काढताना पडली. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ होतं. घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. दाजी कामासाठी चेन्नईत होते, म्हणून मी लॅपटॉप आणि चार कपडे घेऊन तिच्याकडे राहायला गेलो. माझं काम आटोपलं की संध्याकाळी आम्ही सिनेमे बघायचो. मीच निवडायचो, आणि मुद्दाम निवडायचो. गाडी न येणाऱ्या, गाडी शिकणाऱ्या, गाडीवाचून अडलेल्या माणसांचे. मला या विषयावर लिहायचं होतं आणि लेखात काय म्हणायचं तेही ठरलेलं होतं : लायसन्स म्हणजे मोठेपण नव्हे, हे चार चित्रपटांच्या आधारे दाखवून द्यायचं. ताई पाय उशीवर ठेवून बघत होती आणि मध्ये मध्ये बोलत होती. तिच्या त्या बोलण्यानं माझा लेख मोडला. त्याच्या जागी हा लिहिला आहे.

०

सुरुवात सोपी होती. गाडी आणि तारुण्य यांचं जे चित्र आमच्या पिढीच्या डोक्यात आहे, ते ‘दिल चाहता है’नं (२००१) काढलं. उघड्या टपाची मर्सिडीज, तीन मित्र, गोव्याचा रस्ता. दहा वर्षांनी ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’नं तेच चित्र स्पेनमध्ये नेलं. दोन्ही चित्रपट मला आवडतात. पण त्यांत गाडी कुणी शिकत नाही, ती आधीच आलेली असते. आरटीओच्या मैदानावर आठाचा आकडा काढताना कुणाचा पाय जमिनीला टेकत नाही, लर्निंगची सहा महिन्यांची मुदत कुणाची संपत नाही. पेट्रोल कुणी भरलं यावरून मित्रांत वाद होत नाही.

हे दोन चित्रपट आले त्या काळात आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं? २०११च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या जेमतेम पाच घरांकडे मोटार होती आणि एकवीस घरांकडे दुचाकी. म्हणजे बहुसंख्य लोक गाडीशिवायच वयात आले, नोकरीला लागले, लग्न करून मोकळे झाले, म्हातारे झाले. कायद्यानं अठराव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण अठरावं वर्ष या लोकांना लायसन्सवाचूनच गाठता आलं. त्यांचा सिनेमा कुठे आहे?

तो शोधायला मागे जावं लागतं, बासू चटर्जींच्या मुंबईत. ‘बातों बातों में’मधले (१९७९) प्रेमिक वांद्र्याहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये भेटतात. आणि त्याआधीचा ‘छोटी सी बात’ (१९७६) तर थेट माझ्याच विषयावर आहे.

अमोल पालेकरांचा अरुण बसनं ऑफिसला जातो. विद्या सिन्हाची प्रभाही त्याच थांब्यावर उभी असते. तो तिच्या मागे रांगेत उभा राहतो, एवढंच त्याला जमतं. मग असरानीचा नागेश येतो, स्कूटरवरून. ‘चल, सोडतो’ म्हणतो आणि प्रभा मागे बसून निघून जाते. अरुण बसच्या रांगेत राहतो. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे नागेशकडे नुसतं वाहन नाही, वजन आहे. ईर्षेला पेटून अरुण एक जुनी मोटारसायकल घेतो. गॅरेजवाले त्याला सरळ फसवतात, गाडी दगा देते आणि होती ती अब्रूही जाते. मग खंडाळ्याला अशोककुमारांच्या कर्नलकडे जाऊन तो आत्मविश्वास शिकून येतो.

या कथेचा सांगाडा ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ (१९६०) या इंग्रजी विनोदी चित्रपटाचा आहे. तिथे नायकाच्या गळ्यात एक जुनाट मोटार मारली जाते आणि प्रतिस्पर्ध्याकडे स्पोर्ट्‌स कार असते. मोटार सगळ्यांकडे आहे, प्रश्न फक्त कुणाची भारी एवढाच. बासूदांनी तीच कथा मुंबईत आणली तेव्हा त्यांना पायरी बदलावी लागली. आपल्याकडची शिडी बसच्या रांगेतून सुरू होते आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर संपते. त्यामुळे मूळ कथेत जी दोन पुरुषांमधली चढाओढ होती, ती इथे आपोआप एका बाईनं कुठे बसायचं याची गोष्ट झाली.

मी माझ्या लेखासाठी जी नोंद केली होती ती अशी : खंडाळ्याहून परतलेला अरुण ती मोटारसायकल त्याच गॅरेजवाल्यांच्या गळ्यात परत मारतो. हिंदी सिनेमातल्या नायकाचं मोठं होणं गाडी मिळवण्यात असतं, इथे ते गाडी विकण्यात आहे. वा!

ताई म्हणाली, ‘ती रोज बसनं जाते, नोकरी करते, पगार घेते. तिनं का नाही घेतली स्कूटर?’

मी म्हटलं, ‘१९७६ आहे ग.’

‘हो ना. म्हणूनच विचारते. तिला येते का, हे कुणी विचारतच नाही. ती फक्त कुणाच्या मागे बसायचं ते ठरवते.’

हे खरं आहे. चित्रपट अरुणच्या भित्रेपणाकडे फार प्रेमानं बघतो, आणि म्हणूनच तो अजून ताजा वाटतो. बसस्टॉप ही प्रेमाची जागा असू शकते हे त्यानं आपल्याला दाखवलं. पण अरुणचं गाडी नसणं ही त्यात एक गोष्ट आहे, अडचण आहे, विनोद आहे. प्रभाचं गाडी नसणं ही काहीच नाही. ते रस्त्याकडेच्या झाडासारखं आहे, दिसतं पण कुणी बघत नाही. एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचंच नसणं चित्रपटाला दिसतं.

०

मला गाडी का आली नाही, याचं कारण सातारचं एक मैदान आणि अण्णांची एम-एटी. अठरा पूर्ण झाल्यावर अण्णांनी मला रविवारी सकाळी तिथे नेलं. क्लच सोडताना दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा ती पुढे उडाली आणि मी आडवा झालो. लागलं फारसं नाही. पण अण्णा ज्या आवाजात ओरडले तो आवाज क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी थांबून ऐकला. पुढच्या रविवारी मी अभ्यासाचं कारण काढलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. असं करत करत तेरा वर्षं झाली.

म्हणून माईक ली यांचा ‘हॅपी-गो-लकी’ (२००८) मला इतका जवळचा. लंडनमधली पॉपी, प्राथमिक शाळेतली शिक्षिका, वय तीस. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तिची सायकल चोरीला जाते. ती हसून सोडून देते आणि दर शनिवारी ड्रायव्हिंग शिकायला लागते. शिकवणारा स्कॉट संतापी आहे, सतत कुणावर तरी चिडलेला, जगभरच्या कटकारस्थानांवर विश्वास असलेला, वर्णद्वेषी. तिच्या बुटांवरून तो तिला झापतो. आरशांकडे बघायची त्याची पद्धतही एखाद्या मंत्रासारखी आहे. गाडीच्या बंद डब्यात तो गुरू आणि ती शिष्य, असं एक छोटं राज्य तो चालवतो.

सॅली हॉकिन्सची पॉपी पहिला अर्धा तास पोरकट वाटते. माईक ली आपल्याला तसंच वाटू देतात. मग हळूहळू दिसतं की वर्गातला एक मुलगा दुसऱ्यांना मारतोय हे तिच्या लक्षात आलंय, आणि तो का मारतोय याचा ती नेटानं मागोवा घेतेय. शेवटच्या शनिवारी स्कॉट रागानं बेभान होऊन गाडी हाणतो, तेव्हा गाडी थांबल्यावर ती किल्ली काढून घेते. तो तिच्या अंगावर जातो. तरी शांत होईपर्यंत ती त्याला किल्ली देत नाही. या स्थितीत तू गाडी चालवायची नाहीस, एवढंच ती त्याला बजावते. त्या गाडीत लायसन्स असलेला एकच माणूस आहे, आणि मोठं माणूसही एकच आहे. ती दोन वेगळी माणसं आहेत.

पॉपीचं शिकणं तिथे संपतं. चित्रपटाच्या अखेरीस ती मैत्रिणीबरोबर तळ्यात होडी वल्हवत असते.

माझ्या लेखाचा हा कळस असणार होता. ताईलाही चित्रपट आवडला. ‘अण्णा असेच शिकवायचे,’ ती म्हणाली. मग थोडं थांबून, ‘मलाही.’

मी तिच्याकडे बघितलं. माझ्या आठवणीत त्या मैदानावर मी एकटाच होतो.

‘माझ्या वेळी तर स्कूटी होती, गिअर नव्हते. तरी ओरडायचे. एकदा मी गाडी तिथेच टाकून चालत घरी आले होते. पण मला क्लासला जायचं होतं आणि तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. न शिकून कसं चालेल?’

‘मग मी न शिकून कसं चाललं?’ हा प्रश्न मी मोठ्यानं विचारला नाही. विचारायची गरज नव्हती. त्याचं उत्तर प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून समोर बसलं होतं.

०

गाडी न येणाऱ्यांकडे एक यादी असते. माझ्याकडेही होती. सर्वांत वर नाव व्लादिमीर नाबोकोव्हचं. ज्या ‘लोलिता’त (१९५५) अमेरिकेचे हमरस्ते, मोटेल आणि पेट्रोलपंप इतक्या बारकाईनं येतात, ती कादंबरी लिहिणाऱ्याला गाडी येत नव्हती. लोक विचारायला लागले की मी हे नाव टाकायचो. मागच्या सीटवरून जग जास्त चांगलं दिसतं, असं एक वाक्यही मी बनवून ठेवलं होतं.

त्या माहितीचा दुसरा अर्धा भाग मी सांगत नसे. गाडी त्याची बायको व्हेरा चालवायची. उन्हाळ्यात फुलपाखरं शोधत दोघं अमेरिकेच्या पश्चिमेकडे हजारो मैल जायचे, तेव्हा चाकामागे ती असायची. तो टिपणं काढायचा, गाडीत बसून लिहायचा. हस्तलिखितं टाइप करणारी, पत्रव्यवहार बघणारी, ‘लोलिता’चे कागद जाळायला निघालेल्या नवऱ्याला अडवणारीही तीच. नाबोकोव्हचं गाडी न येणं हे साहित्याच्या इतिहासातली एक गमतीदार नोंद म्हणून सांगितलं जातं. व्हेराचं गाडी येणं त्या नोंदीत एका अर्ध्या वाक्यात उरतं.

माझी व्हेरा म्हणजे ताई. कॉलेजला असताना सातारच्या एसटी स्टँडवर पहाटेच्या विनाथांबा स्वारगेट गाडीला मला कुणी सोडलं? ताईनं. परीक्षेला, इंटरव्ह्यूला, रात्री अकराला पुण्यात उतरल्यावर न्यायला? ताई. तिच्या लग्नानंतर दोन वर्षं मी पुण्यात तिच्यापासून दहा मिनिटांवर राहत होतो, तेव्हा माझा गॅसचा सिलिंडरसुद्धा तिच्या स्कूटरवरून आला आहे. मी ‘मला गाडी येत नाही’ हे वाक्य एखाद्या तत्त्वासारखं सांगत होतो, आणि ते तत्त्व पेट्रोल भरून दुसरं कुणी चालवत होतं.

यात माझ्या लेखाचा पायाच निसटला. गाडीशिवाय मोठं होणं ही एकच गोष्ट नसते. शहरातल्या एका मुलाचं गाडी न येणं ही लहर असू शकते, पर्यावरणाचं भान असू शकतं, नुसती भीती असू शकते, आणि लोक त्याला कौतुकानं ‘जरा वेगळाच आहे’ म्हणतात. शेवटची एसटी चुकली तर परतायचं कसं, या हिशोबानं बारावीनंतरचं कॉलेज निवडणाऱ्या मुलीचं गाडी न येणं म्हणजे तिच्या जगाची हद्द असते. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हा माझी आत्या, जी साठ वर्षांत स्वतःहून कुठे गेली नव्हती, एकटी नरसोबाच्या वाडीला जाऊन आली. तिला कुणी सोडायला लागलं नाही याचाच तिला जास्त आनंद झाला होता.

०

‘सोडणे’ हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. स्टँडवर सोडणं, नोकरी सोडणं, नवऱ्यानं सोडणं, कैद्याला सोडणं, उपास सोडणं, सगळ्याला आपण एकच क्रियापद वापरतो. जो सोडतो तो परत एकटा येतो, हे त्या शब्दात सांगितलेलं नाही. ग्रेटा गर्विगच्या ‘लेडी बर्ड’मध्ये (२०१७) नेमकं तेच दिसतं.

हा चित्रपट मी तिसऱ्यांदा बघत होतो. २००२चं कॅलिफोर्निया, सॅक्रमेंटो शहर. अमेरिकेच्या त्या भागात गाडीशिवाय दूध आणायला जाणंही अवघड, त्यामुळे शाळकरी मुलांचं सगळं आयुष्य आईबापांच्या शेजारच्या सीटवर जातं. पहिल्याच प्रसंगात आई गाडी चालवतेय, मुलगी शेजारी आहे. दोघी एका कादंबरीची कॅसेट ऐकून रडतात आणि दोन मिनिटांत कॉलेजवरून भांडायला लागतात. मुलगी चालत्या गाडीचं दार उघडून बाहेर उडी घेते. पुढचा बराच वेळ तिचा हात प्लास्टरमध्ये असतो. बाप रोज तिला शाळेच्या एक गल्ली अलीकडे सोडतो, कारण त्या गाडीतून उतरताना कुणी बघितलेलं तिला नको असतं. बापाला ते कळतं. तो बोलत नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर ती सिगारेट विकत घेते, लॉटरीचं तिकीट घेते, आणि ड्रायव्हिंगची परीक्षा पास होते. आधी बघताना मला यात फक्त वयात येण्याच्या खुणांची एक छान यादी दिसली होती. या वेळी शेवट वेगळा दिसला. न्यूयॉर्कला गेल्यावर ती घरी फोन करून आईसाठी निरोप ठेवते. सॅक्रमेंटोमध्ये पहिल्यांदा स्वतः गाडी चालवली तेव्हा भरून आलं होतं, तुलाही तसं झालं होतं का, असं ती विचारते. आणि गर्विग मुलीच्या चाकामागच्या चेहऱ्यानंतर आईचा चाकामागचा चेहरा दाखवतात. तेच रस्ते, तेच वळण, तोच उन्हाचा तुकडा.

म्हणजे लायसन्सनं तिला स्वातंत्र्य दिलं असं गर्विग म्हणत नाहीत. स्वातंत्र्य तर तिनं उडी मारून आधीच घेऊन पाहिलं होतं. लायसन्सनं तिला आईची जागा दिली. जी बाई डबल शिफ्ट करून तिला सगळीकडे नेत होती, तिला तिथून काय दिसत होतं, ते मुलीनं पहिल्यांदा बघितलं. आणि तेही आईपासून दूर जायच्या बेतात असताना.

विमानतळाच्या प्रसंगाला ताई रडली. आई मुलीशी बोलत नाहीये, पार्किंग महाग असतं असं सांगून ती आत येत नाही, बाहेरच सोडते. मग एकटी गाडी चालवत विमानतळाला फेरा घालते, रडायला लागते, वळून परत येते, धावत आत शिरते. मुलगी गेलेली असते.

‘तू पहिल्यांदा नोकरीला गेलास ना बंगलोरला,’ ताई डोळे पुसत म्हणाली, ‘तुला स्टेशनवर सोडून येताना मी पार शिवाजीनगरपर्यंत चुकीच्या रस्त्यानं गेले होते. दिसतच नव्हतं पुढचं.’

मला त्या दिवसाचं एवढंच आठवतं की गाडीत चार्जिंगची सीट मिळाली होती.

०

शेवटचा चित्रपट तीन तासांचा होता म्हणून आम्ही दोन दिवसांत बघितला. र्‍यूसुके हामागुचीचा ‘ड्राइव्ह माय कार’ (२०२१), हारुकी मुराकामीच्या कथेवर आधारलेला. काफुकू हा रंगभूमीवरचा नट-दिग्दर्शक. त्याची लाल साब गाडी म्हणजे त्याचं देवघर : मेलेल्या बायकोच्या आवाजातले संवाद ऐकत तो एकटा चालवत असतो. हिरोशिमाला नाटक बसवायला गेल्यावर तिथले आयोजक नियम दाखवतात की त्यानं स्वतः चालवायचं नाही, त्याला ड्रायव्हर दिला जाईल. येते ती मिसाकी, तेवीस वर्षांची, फारसं न बोलणारी.

हा आतापर्यंतच्या सगळ्या चित्रपटांच्या उलटा प्रवास आहे. इथे मोठ्या माणसाला चाक सोडायला शिकायचं आहे. आधी तो मागे बसतो, मालकासारखा. मिसाकी इतकी सफाईनं चालवते की गाडीत आहोत हे विसरायला होतं, असं तो कौतुक करतो. पुढे कधीतरी तो मागची सीट सोडून तिच्या शेजारी पुढे येऊन बसतो. हामागुची त्याचा गाजावाजा करत नाहीत, पण मला तो चित्रपटातला सगळ्यात लांबचा प्रवास वाटला. मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर, दोन फूट.

आणि ती सफाई कुठून आली तेही कळतं. होक्काइडोतल्या दूरच्या गावात राहणाऱ्या मिसाकीला आईनं शाळकरी वयातच गाडी चालवायला लावली. आई रात्री शहरात काम करायची, तिला स्टेशनवर सोडायचं आणि पहाटे आणायचं. परतताना आई झोपायची. गाडी हिसकली, झोप मोडली की मार. म्हणून ती हिसका न बसू देता चालवायला शिकली. लायसन्सच्या वयाआधी कितीतरी वर्षं ती मोठी झाली होती. कुणी तिला विचारलं नव्हतं.

माझ्या मूळ लेखात हे वाक्य असणार होतं : ‘गाडी येण्याचा आणि मोठं होण्याचा काही संबंध नाही.’ मिसाकीकडे बघून ते वाक्य मला लिहवेना. संबंध आहे, फक्त तो लायसन्सशी नाही. एका घरात सगळ्यांचं येणं-जाणं कुणीतरी वाहत असतं. ज्याच्यावर ते येऊन पडतं तो लवकर मोठा होतो, कधी कधी फारच लवकर. ज्याचं वाहिलं जातं, त्याला ते कळायला एकतीस वर्षंही लागू शकतात. काफुकूला मिसाकीचं कौशल्य पहिल्याच दिवशी दिसलं. ते कौशल्य म्हणजे काय होतं, ते कळायला त्याला तिच्या शेजारी येऊन बसावं लागलं.

‘तुला कधी कंटाळा नाही आला?’ मी ताईला विचारलं. ‘मला सोडायचा?’

ती बराच वेळ काही बोलली नाही. ‘कंटाळा आला की. पण तू मागे बसून बडबडायचास. सिनेमाच्या स्टोऱ्या सांगायचास. हेल्मेटमधून निम्मं ऐकू यायचं नाही.’ मग म्हणाली, ‘तू कधी विचारलं नाहीस, एवढंच.’

०

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी आणखी महिनाभर स्कूटर नको म्हणून सांगितलं. फिजिओथेरपीला आम्ही रिक्षानं जायचो. ताई अतिशय वाईट प्रवासी आहे. रिक्षावाल्यानं वेग घेतला की तिचा बरा पाय ब्रेक शोधतो. ‘डावीकडून घ्या, तो वळणार आहे,’ असं ती त्याला सांगते, आणि तो खरंच वळतो. एकदा खड्ड्यात आदळल्यावर ती माझा दंड घट्ट धरून म्हणाली, ‘मागे बसणं पण यावं लागतं रे. तुला बरं जमतं.’ तेरा वर्षांत माझ्या या एकाच कौशल्याचं झालेलं हे पहिलं कौतुक.

मी लर्निंग लायसन्स काढलं आहे. हे तिसरं. आधीच्या दोन्हींची मुदत तशीच संपली होती. सकाळी साडेसहाला सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर मी तिची स्कूटर घेतो, ती काठी घेऊन कट्ट्यावर बसते. ती ओरडत नाही. मी चुकलो की नुसती मान दुसरीकडे वळवते, जे ओरडण्यापेक्षा वाईट आहे. आठ अजून निघत नाही. दुसऱ्या गोलात पाय टेकतो. या वेळी जमेल का, सांगता येत नाही.

सोमवारी तिचं ऑफिस सुरू झालं. रिक्षा मिळेना, ॲपवर गाडी दाखवत होती आणि रद्द होत होती. ती म्हणाली, बसनंच जाते, सरळ एकच बस आहे. पर्स खांद्याला लावून ती दारात चप्पल घालायला वाकली.

‘सोडायला येऊ का?’ मी विचारलं.

‘कशावर?’

‘चालत. स्टॉपपर्यंत.’

ती हसली. स्टॉप पाच मिनिटांवर आहे, तिच्या पायानं आम्हाला बारा लागली. रांगेत आमच्या पुढे दोन कॉलेजच्या मुली होत्या आणि एक आजी. बस आली, तिला खिडकीची जागा मिळाली. तिनं आतून हात केला. बस वळेपर्यंत मी उभा राहिलो आणि मग एकटा परत आलो.